नकाशावरचा रस्ता लाल होतो, तेव्हा नक्की काय झालेलं असतं?

२०२५च्या जानेवारीत पुणेकरांच्या वाट्याला एक जागतिक मान आला. टॉमटॉम या डच कंपनीने ६२ देशांतल्या ५०० शहरांचा २०२४ सालचा वाहतूक अहवाल काढला आणि सर्वांत संथ शहरांच्या यादीत पुणं चौथं आलं. दहा किलोमीटर जायला सरासरी ३३ मिनिटं २२ सेकंद. कोलंबियातलं बारांकिया पहिलं, कोलकाता दुसरं, बंगळुरू तिसरं. ‘चौथे कसे? आमच्या कर्वे रस्त्यावर येऊन बघा’ अशी प्रतिक्रिया अपेक्षेप्रमाणे उमटलीच.

त्या गडबडीत २२ सेकंदांकडे कुणी पाहिलं नाही. मिनिटं समजू शकतो, पण सेकंद मोजायला नळ स्टॉपच्या चौकात कोण उभं होतं? कुणीच नाही. लोकांच्या खिशातले फोन आणि गाड्यांमध्ये बसवलेली यंत्रं दिवसभर जी माहिती पाठवतात, तिच्या बेरजा-सरासऱ्यांतून हा आकडा निघाला. गूगल मॅपवर रस्ता हिरवा, केशरी, लाल होतो तोही याच पद्धतीने. ही माहिती काय सांगू शकते आणि कुठे तोंडघशी पडते, ते बघू.

पूर्वी कसं मोजायचे?

चौकात वही घेऊन माणूस बसवायचा आणि त्याने गाड्या मोजायच्या, ही सर्वांत जुनी पद्धत. रस्त्याच्या मोठ्या कामाआधी ती अजूनही वापरतात. मग डांबरात तारेचं वेटोळं पुरायची पद्धत आली. वरून गाडी गेली की तारेतल्या प्रवाहात फरक पडतो आणि यंत्र एक आकडा पुढे टाकतं. परदेशात यावर सिग्नलच्या सिग्नल चालतात. आपल्याकडे अडचणी दोन. एक म्हणजे वेटोळं लेनच्या मधोमध असतं आणि आपण लेनच्या मधोमध असतोच असं नाही. दुसरी म्हणजे पाण्याची लाईन, गॅसची लाईन, केबल यांपैकी कुणी ना कुणी तोच रस्ता खोदतं आणि वेटोळं तुटतं. त्यानंतर आले कॅमेरे.

या सगळ्यांची मर्यादा एकच: ती एका जागी बसून मोजतात. दोन चौकांच्या मधे ट्रक बंद पडला तर तारेला आणि कॅमेऱ्याला ते कळतं रांग त्यांच्यापर्यंत पोचल्यावर.

फोन काय सांगतो?

एक गैरसमज आधी दूर करू. जीपीएसचा उपग्रह तुम्हाला बघत नसतो. तो फक्त वेळेचे संकेत खाली सोडतो; फोन चार किंवा जास्त उपग्रहांचे संकेत ऐकून ‘मी कुठे आहे’ हे स्वतः काढतो. पूर्वी अमेरिकी सरकार नागरी वापराच्या संकेतात मुद्दाम चूक मिसळायचं, त्यामुळे जागा शंभर मीटरपर्यंत चुकायची. मे २०००मध्ये ते बंद झालं. आता मोकळ्या आकाशाखाली फोनची चूक साधारण पाच मीटर असते. ही जागा फोनमधलं ॲप इंटरनेटवरून कंपनीला कळवतं. पाळत म्हणायची तर ती इथे, जमिनीवर सुरू होते.

समजा कर्वे रस्त्यावर एका फोनने सकाळी ९:४२:१० ला एक जागा कळवली आणि दहा सेकंदांनी आणखी २८ मीटर पुढची. म्हणजे सेकंदाला २.८ मीटर, ताशी दहा किलोमीटर. दोन्ही टोकांना पाच-पाच मीटर चूक धरली तर खरा वेग साडेसहाही असेल, साडेतेराही असेल. एका फोनवर विसंबलं तर फसगतच. पण त्याच मिनिटाला त्याच तुकड्यावर तीस फोन असतील तर कुणाची चूक पुढे, कुणाची मागे, आणि सरासरी बरीच ताळ्यावर येते. चालत्या वाहनांकडूनच रस्त्याची अवस्था कळून घ्यायच्या या पद्धतीला अभियंते फ्लोटिंग कार डेटा म्हणतात. आपण सरळ फोनची माहिती म्हणू, जरी तिच्यात टॅक्सी, बस आणि सिमकार्ड असलेल्या नव्या मोटारींचीही भर असते.

मोबाईल टॉवरची माहिती ही वेगळी गोष्ट. कोणता फोन कोणत्या टॉवरच्या हद्दीत आहे एवढंच तिथे कळतं आणि ती हद्द शहरातही काहीशे मीटरची असते. त्यावरून कोणता रस्ता ते सांगता येत नाही, पण हडपसरकडून हिंजवडीकडे रोज किती लोक जातात याचा अंदाज बांधता येतो. साध्या बटणांच्या फोनचीही त्यात गणना होते, हा तिचा फायदा.

सगळ्यांचे फोन लागत नाहीत

‘माझं लोकेशन बंदच असतं, मग यांना काय कळणार?’ हा प्रश्न हमखास येतो. उत्तर आपल्याकडे म्हणीत तयार आहे: शितावरून भाताची परीक्षा.

८ फेब्रुवारी २००८ रोजी कॅलिफोर्नियात बर्कली विद्यापीठ, नोकिया आणि तिथला वाहतूक विभाग यांनी ही परीक्षा प्रत्यक्ष करून पाहिली. शंभर मोटारींत नोकिया एन-९५ फोन ठेवले, विद्यार्थ्यांना चालक केलं आणि आय-८८० या महामार्गाच्या एका तुकड्यावर दिवसभर फेऱ्या मारायला लावल्या. त्या रस्त्यावरच्या एकूण गाड्यांत हे फोन दोन ते पाच टक्के होते. तेवढ्यावरून काढलेला वेग रस्त्यातल्या तारांनी मोजलेल्या वेगाशी चांगला जुळला. पुढच्याच वर्षी गूगलने लोकांच्या फोनवरून रस्त्यांचे रंग ठरवायला सुरुवात केली. भारतात मुंबई-पुण्यासह सहा शहरांत हे २०१२ साली आलं.

इतकी थोडी शितं का पुरतात? कारण कोंडीत कुणालाच आपल्या मर्जीने चालवता येत नाही. पुढचा थांबला की मागचा थांबतो, त्यामुळे एकाचा वेग हाच सगळ्यांचा वेग. उलट रस्ता मोकळा असेल तर कुणी चाळीसने जातो, कुणी ऐंशीने. तिथे जास्त शितं चेपून पाहावी लागतात. म्हणजे ही पद्धत जिथे हवी तिथेच सर्वांत चांगली चालते. असा योग तंत्रज्ञानात क्वचित येतो.

शीत नेमकं कोणत्या भातातलं?

आता खरी कटकट. महामार्गावर सगळ्या मोटारी, म्हणून ते सोपं होतं. आपल्या रस्त्यावर काय काय असतं ते आठवा.

पहिली टू-व्हीलर. मोटारी अडकून पडलेल्या असतात तेव्हा ती आरशाआरशांमधून, कधी फुटपाथवरून पुढे सरकते. मोटारींचा वेग ताशी सहा, दुचाकींचा पंधरा. दोघांची सरासरी काढली तर तो वेग रस्त्यावर कुणाचाच नसतो. शहाणं सॉफ्टवेअर वेगांचे दोन गट पडलेत हे ओळखतं आणि त्यांचा हिशेब वेगळा ठेवतं. गूगलने टू-व्हीलरसाठी वेगळा मार्ग आणि वेगळी वेळ दाखवायला २०१७च्या डिसेंबरमध्ये सुरुवात केली आणि ती भारतातूनच केली, यात नवल नाही.

दुसरी बस. बसमधले चाळीस प्रवासी म्हणजे चाळीस फोन, एकाच जागी, एकाच वेगाने आणि प्रत्येक थांब्यावर थांबणारे. त्यांना चाळीस गाड्या समजलं तर मोकळ्या रस्त्यावरही कोंडी दिसेल. म्हणून एकमेकांना चिकटून जाणारे फोन एकच वाहन धरावे लागतात.

तिसरा घोळ मजल्यांचा. नागपूरच्या वर्धा रोडवर ३.१४ किलोमीटर लांबीचा दुमजली पूल आहे: खाली रस्ता, मधे उड्डाणपूल, सर्वांत वर मेट्रो. वरून नकाशात पाहिलं तर तिन्ही एकच रेघ. फोनला आपली उंची नीट कळत नाही. खाली सिग्नलला थांबलेला, मधल्या पुलावरून साठने जाणारा आणि मेट्रोत बसलेला, तिघांनीही कळवलेली जागा एकच. कोणता फोन कोणत्या रस्त्यावर ते ठरवण्याच्या या कामाला मॅप मॅचिंग म्हणतात. यंत्र एकट्या ठिपक्यावर निर्णय देत नाही, मागचापुढचा माग बघतं: हा फोन पुलाच्या चढाच्या तोंडाशी होता का, दोन मिनिटांनी पुलाच्या उताराला बाहेर पडला का, मधे स्टेशनवर थांबला का. पूल आणि सर्व्हिस रोड शेजारीशेजारी असतात तिथे नकाशातली बाई ‘उजवीकडे वळा’ म्हणते आणि आपण वळणाच्या वर दहा मीटर असतो, ते याच गोंधळामुळे.

चौथे, पायी चालणारे. २०२०च्या फेब्रुवारीत गाजलेल्या एका प्रयोगात सायमन वेकर्ट या कलाकाराने बर्लिनमध्ये ९९ जुने फोन हातगाडीत भरले, सगळ्यांवर गूगल मॅप सुरू केला आणि हातगाडी रस्त्यावरून ओढत नेली. त्यात गूगलच्या कचेरीसमोरचा रस्ताही होता. नकाशावर मोकळे रस्ते लाल झाले. भारत, इंडोनेशिया, इजिप्त अशा देशांत आम्ही मोटार आणि मोटरसायकल वेगळी ओळखतो, हातगाडीचं मात्र अजून जमलेलं नाही, असं उत्तर कंपनीने हसत दिलं.

बर्लिनला ९९ फोन लागले. आपल्याकडे ज्ञानोबांची पालखी दिवे घाट चढते तेव्हा लाखो वारकरी रस्त्यावर असतात आणि हल्ली बहुतेकांकडे फोन असतो. चालणाऱ्याचा फोन पावलागणिक हलतो. फोनमधलं हालचाल मोजणारं यंत्र त्यावरून चालणं आणि गाडी यांतला फरक ओळखतं. हातगाडीतले फोन पावलांनी हलत नव्हते, म्हणून ते खपून गेले असावेत. पण घाटात वाहनांना रस्ता बंद आहे ही गोष्ट कोणताही फोन सांगू शकत नाही. बंद रस्त्यावरून गाडीची माहिती येत नाही आणि रात्री तीनला रिकाम्या रस्त्यावरूनही येत नाही. यंत्राला दोन्हीकडे शांतताच ऐकू येते. अनंत चतुर्दशीला कोणते रस्ते बंद हे वाहतूक पोलिसांनी किंवा आणखी कुणी कळवल्याशिवाय नकाशाला नक्की कळत नाही.

वेग कळतो, गाड्या कळत नाहीत

माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा मुद्दा हा, आणि बातम्यांत तो जवळजवळ कधीच येत नाही. शीत चेपून भात शिजला की नाही ते कळतं. भांड्यात भात किती आहे ते कळत नाही.

एका लेनमधून तासाला फार तर दोन हजारांच्या आसपास मोटारी जाऊ शकतात. आता एखाद्या ठिकाणी तासाला आठशे मोटारी मोजल्या. रस्ता मोकळा की तुंबलेला? सांगता येणार नाही. सकाळी सातला आठशेच गाड्या आल्या आणि भुर्रकन गेल्या असतील, किंवा सायंकाळी सातला तीन हजार रांगेत होत्या आणि त्यांतल्या आठशेच पुढे सरकल्या असतील. मोजणी एकटी आंधळी असते. तिला वेगाची जोड लागते, आणि ती फोन देतात.

पण उलटंही तितकंच खरं. रात्री अकराला वेग पन्नास आहे एवढ्यावरून रस्त्यावर शंभर गाड्या आहेत की हजार ते कळत नाही. उड्डाणपूल बांधायचा तर रोज किती गाड्या जातात, त्यांत ट्रक किती, बस किती, ही मोजणी लागते. एखाद्या रस्त्याचा वेग वाढला म्हणून पाठ थोपटून घेण्याआधी तिथल्या गाड्या शेजारच्या गल्लीत तर गेल्या नाहीत ना, हे बघावं लागतं. फोन आले म्हणून चौकातले मोजणीचे कॅमेरे आणि वहीवाला माणूस काढून टाकावा, असं कुणी सुचवत असेल तर त्याला अर्धीच गोष्ट कळली आहे.

मग त्या क्रमवारीचं काय करायचं?

पुण्याच्या मागे पाचव्या नंबरावर लंडन होतं, अवघ्या पाच सेकंदांच्या फरकाने. लंडनच्या मध्यवस्तीत बहुतेक रस्त्यांवर वेगमर्यादाच ताशी २० मैल, म्हणजे ३२ किलोमीटर आहे. तिथे गाड्या हळू जातात त्यात काही भाग ठरवून केलेला आहे. पुण्यात हळू जातात तो काही आपला विचारपूर्वक निर्णय नव्हे. दहा किलोमीटरला किती वेळ, या एका आकड्यात दोन्ही शहरं शेजारी बसतात. कोंडी किती हे बघायचं तर मोकळ्या रस्त्यापेक्षा गर्दीच्या वेळी किती टक्के जास्त वेळ लागतो हे पाहावं. टॉमटॉम तोही आकडा देते, मथळ्यात मात्र तो येत नाही. आणि मोटारीच्या वेगात पीएमपीच्या, म्हणजे पुण्याच्या शहर बसची वाट बघत थांबलेल्या माणसाची चाळीस मिनिटं धरलेली नसतात.

पुढचं कसं सांगतात?

‘पोचायला ४७ मिनिटं’ हे भविष्य आत्ताचा वेग आणि त्याच वाराचा, त्याच वेळेचा जुना इतिहास यांच्या मेळातून येतं. २०२०च्या टाळेबंदीत इतिहास एका रात्रीत निकामी झाला, तेव्हा गूगलला जुन्या महिन्यांऐवजी मागच्या दोन ते चार आठवड्यांवर भर द्यावा लागला. अचानक आलेला पाऊस आणि अचानक आलेला मंत्र्यांचा ताफा यांचा इतिहास नसतो, म्हणून तिथे अंदाज चुकतो.

आडवाटेने जाणाऱ्यांचा त्रास

एका मोटारीला गल्लीतून पाठवलं तर तिची दहा मिनिटं वाचतात. पाचशे मोटारींना पाठवलं तर गल्ली तुंबते आणि तिथल्या लोकांना फाटकातून गाडी काढता येत नाही. न्यूयॉर्कच्या पलीकडच्या काठावर न्यू जर्सीत लिओनिया नावाचं छोटं गाव आहे. नदीपार जाणाऱ्या पुलाकडचा मोठा रस्ता भरला की ॲप लोकांना या गावातून काढायचं. वैतागून गावाने २०१८च्या जानेवारीत गर्दीच्या वेळी साठेक रस्ते बाहेरच्यांना बंद केले. ॲप प्रत्येकाला त्याच्यापुरती चांगली वाट दाखवतं. शाळेसमोरून पाचशे गाड्या जाव्यात की नाही, हा त्याचा विषयच नसतो. तो पालिकेचा आणि पोलिसांचा.

माझ्यावर पाळत आहे का?

रस्ता लाल करायला तुमचं नाव लागत नाही, हे खरं. २००८च्या त्या प्रयोगात तर फोन सतत काही कळवतच नव्हते. रस्त्यावर आडव्या काल्पनिक रेषा आखल्या होत्या, त्यांपैकी एखादी ओलांडली तरच वेग जायचा. गूगलने २००९ साली सांगितलं होतं की प्रत्येक प्रवासाचं सुरुवातीचं आणि शेवटचं टोक आम्ही कायमचं पुसतो, कारण एका टोकाला घर असतं आणि दुसऱ्याला कचेरी.

पण ‘नाव काढलं म्हणजे झालं’ यावर मी विश्वास ठेवणार नाही. २०१३ साली पंधरा लाख लोकांच्या पंधरा महिन्यांच्या मोबाईल नोंदी संशोधकांनी तपासल्या. नावं नव्हती, टॉवरची ढोबळ जागा आणि तास एवढंच होतं. तरी कुठल्याही माणसाच्या अशा फक्त चार नोंदी माहीत असल्या, तर ९५ टक्के लोकांचा पूर्ण माग त्या गर्दीतून वेगळा काढता येत होता. तुमचं घर, कचेरी, मुलाची शाळा आणि रविवारची भाजी, झाले चार. नाव नसलेल्या मागावरही नाव लिहिलेलं असतंच. गर्दीत मिसळून केलेली सरासरी बरीच सुरक्षित. एकेका फोनचा सलग माग साठवून ठेवणं धोक्याचं.

सरासरीसुद्धा कधी कधी बोलून जाते. २४ फेब्रुवारी २०२२च्या पहाटे सव्वातीनच्या सुमारास रशियातल्या बेल्गोरोदहून युक्रेनच्या सीमेकडे जाणाऱ्या रस्त्यावर गूगल मॅपने कोंडी दाखवली, आणि आक्रमण सुरू झाल्याचं एका अमेरिकी अभ्यासकाच्या तिथूनच लक्षात आलं. फोन बहुधा सैनिकांचे नव्हतेच. रणगाड्यांसाठी अडवून ठेवलेल्या सामान्य मोटारचालकांचे असावेत. काही दिवसांत गूगलने युक्रेनमध्ये ही सोय बंद केली.

नंबर प्लेट वाचणाऱ्या कॅमेऱ्याचं आणि फास्टॅगचं मात्र वेगळं आहे. तिथे ओळख हाच मुद्दा. मुंबई-पुणे एक्स्प्रेस वेवर २०२४पासून कॅमेरे बसवलेल्या दोन कमानींमधला सरासरी वेग काढून चलन जातं: दहा किलोमीटर पाच मिनिटांत कापले तर वेग ताशी १२० झाला, मर्यादा १००, कॅमेऱ्यासमोर ब्रेक मारून उपयोग नाही. हे मला पटतं. प्रश्न एवढाच की नियम न मोडणाऱ्या गाडीची नोंद किती दिवस ठेवायची. खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचं सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली सांगितलं, वैयक्तिक डेटा संरक्षणाचा कायदा २०२३ साली झाला. पण त्यात सरकारी यंत्रणांना सूट देण्याची तरतूदही आहे.

रस्ता आपला, माहिती कुणाची?

बंगळुरू, हैदराबाद आणि कोलकात्यात गूगल फोनच्या माहितीवरून सिग्नलची वेळ कुठे किती बदलावी ते पोलिसांना सुचवतं. गाड्यांचं थांबणं ३० टक्क्यांपर्यंत कमी होऊ शकतं, असा कंपनीचा दावा आहे. सिग्नल बदलायचा की नाही हे पोलीस ठरवतात, सूचना कशावरून आली ते कंपनीला माहीत. उबरही काही वर्षं अनेक शहरांच्या प्रवासवेळा सर्वांना खुल्या देत होती. २०२३ साली तिने ते संकेतस्थळ बंद केलं. देणं तिच्या मर्जीवर होतं, थांबवणंही.

दुसरी वाट फिलिपाइन्सने चाचपली. २०१६ साली मनिलात ग्रॅब या टॅक्सी कंपनीच्या चालकांच्या जीपीएसची माहिती, नावगाव काढून, जागतिक बँकेच्या मदतीने सरकारला आणि लोकांना खुली करण्यात आली. आपल्याकडे तर तेवढीही खटपट लागू नये. १ जानेवारी २०१९पासून नोंदणी होणाऱ्या नव्या बस-टॅक्सींना जागा कळवणारं यंत्र सक्तीचं आहे, रिक्षा तेवढ्या वगळल्या आहेत. पीएमपीच्या बसही ॲपवर नकाशात सरकताना दिसतात. थांब्यांवरचा वेळ वजा केला की त्याच बस रस्त्याचा वेगही सांगतील, आणि थांबे कुठे आहेत ते पीएमपीला विचारायला दुसऱ्या कुणाकडे जावं लागत नाही.